करडी मावशीचे हात

चिंध्यांच्या गिरणीत बायकांना आईबापांनी ठेवलेली नावं चालत नसत. जी ज्या ढिगाशी बसे, तेच तिचं नाव. लाल कपडे निवडणारी ती तांबडी, काळ्या ढिगाची काळी, निळ्याची निळी. आता काळी होती चांगली गोरीपान, आणि निळीला घरी गेल्यावर निळा रंग नजरेसमोर नको व्हायचा, पण विचारतंय कोण? आपली ही मावशी करड्या ढिगाशी बसली, म्हणून ती करडी. वय झालं तशी करडी मावशी झाली. पुढे केसही नावाला जागले.

करडा ढीग कोणालाच नको असायचा. काळं म्हणजे काळं, तिथे डोकं चालवायचं कारण नाही. करड्यात मात्र राख वेगळी, धूर वेगळा, पारवा वेगळा, उंदीर वेगळा, घासलेल्या पातेल्याचं बूड वेगळं. राखेत उंदीर मिसळला की पुढची सगळी ब्लँकेटं डागाळल्यासारखी दिसायची. म्हणून तो ढीग येईल त्या नवख्या बाईच्या गळ्यात मारायची रीत होती. मावशी आली तेव्हा नवरा नुकता गेलेला, मुलगा पोटात, आणि जागा मिळाली ती दारापाशी, जिथे वारा हाडं मोजून घेई. दुसऱ्या दिवशी तांबडी उठली आणि म्हणाली, "ए पोरी, इथे माझ्या जागेवर बस. पाठीमागे यंत्र आहे, कमरेला ऊब लागेल. मला काय, माझ्या अंगावर चरबी आहे."

तांबडी तर काडीसारखी होती. ते हिवाळे तिने दारापाशी कुडकुडत काढले आणि वर कधी बोलून दाखवलं नाही. त्या उबेचं मोल मावशी अजून विसरलेली नाही. मुलगा अंगानं जाडजूड निघाला त्याचंही श्रेय ती त्या यंत्रालाच देते.

काम म्हणाल तर सोपं आणि म्हणाल तर अवघड. कुठून कुठून जुन्या लोकरी कपड्यांचे गठ्ठे यायचे. कोट, स्वेटर, मफलर, कोणाकोणाचे थंडीतले सोबती. प्रत्येकीपुढे पाटावर बसवलेलं उभं पातं, विळीसारखं. कोट घ्यायचा, खिसे चाचपायचे, बटणं उडवायची, अस्तर टरकवायचं, कॉलर काढायची, बाह्या सोडवायच्या, शिवणी उघडायच्या आणि राहिलेलं कापड ढिगावर फेकायचं. बटणं डाव्या हाताच्या डब्यात, तीही न बघता. ढीग मग एका दातेरी यंत्रात जात. बायका त्याला दातवाली म्हणत. दातवाली कापड पिंजून त्याची पुन्हा मोकळी लोकर करी, तिचं सूत होई, सुताचं ब्लँकेट. रंग आधीच निवडलेला, म्हणून पुन्हा रंगवायला नको. त्या मालाला म्हणायचं शॉडी.

हा एवढा एक इंग्रजी शब्द मावशीला लिहिताही येत असे. शाळेत ती दुसरीच्या पलीकडे गेली नव्हती. पण तयार मालाच्या प्रत्येक गठ्ठ्यावर काळ्या रंगानं ती सहा अक्षरं छापलेली असत. जन्मभर रोज बघितल्यावर दगडही वाचायला लागेल. तिने अक्षरांना आपली नावं ठेवली होती. आधी साप, मग शिडी, मग चाक, मग दोन ढेरपोट्या बहिणी शेजारी शेजारी, आणि शेवटी गलोल. झाली शॉडी.

मुलगा मोठा झाला, मालाचा मोठा ट्रक चालवायला लागला. पंधरा-पंधरा दिवस घरी नसायचा. लग्न झालं, सून आली. शिकलेली, अबोल, कामाला चटपटीत. सून स्वतःच्या आईला 'ए आई' म्हणायची; ती आई आता हयात नव्हती. सासूला ती 'अहो आई' म्हणे. त्या 'अहो'मध्ये आदर होता, पण एक हात अंतरही होतं. मावशी म्हणायची, "असू दे बाई. अंतर असलं की भांडी आपटत नाहीत."

सुनेनं माहेरून आणलेली एकच वस्तू तिला जिवापाड होती. तिच्या आईचा कोट. तोही करडा! त्यातला पारवा. मावशीनं पहिल्याच दिवशी त्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "नजर आहे तुझ्या आईला." सून म्हणाली, "अस्सल लोकर आहे. आई नेहमी सांगायची, कोणाला हात लावू देऊ नकोस." मावशीनं हात लगेच मागे घेतला. सून हसली आणि कोट तिच्या मांडीवर ठेवला. "तुम्हाला नाही म्हणाली ती."

मग एक दिवस सुनेला शाळेतून निरोप आला. शिकवणाऱ्या बाईंची एक जागा रिकामी होती. पण आधी मोठ्या बाईंसमोर वर्गावर एक धडा घेऊन दाखवायचा. इंग्रजी विशेषण कोणतंही एक निवडा. त्याची अक्षरं, त्याचा अर्थ, तो आला कुठून ते मुलांना असं सांगा की मुलं विसरणार नाहीत. सून दोन दिवस शब्द शोधत होती. सुंदर म्हणावा तर सगळे तोच घेतात. गोड म्हणावा तर मुलांना येतोच.

"माझा घे की," मावशी भाकरी थापावी तशी दोन्ही हातांनी चादर सपाट करत म्हणाली.

"तुमचा कोणता?"

"साप, शिडी, चाक, दोन ढेरपोट्या, गलोल."

सुनेला हसू आवरेना. मग तिने शब्दकोश काढला आणि वाचता वाचता थबकली. मावशी म्हणाली, "काय लिहिलंय? तकलादू? भिकार? दिसायला बरं आणि आतून पोकळ? वाच की मोठ्यानं. मुकादमानं मला कधीच सांगितलंय."

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. दोन दिवस जेवण गेलं नाही. मग थंडी पडली, आणि ज्यांनी नाव ठेवलं तेही ब्लँकेट घ्यायला रांगेत आले. नावं ठेवायला काय, उचलली जीभ लावली टाळ्याला."

ठरलं, शॉडीच घ्यायची. धड्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सून खोलीत येरझारा घालत पाठ करत होती. मावशी खिडकीशी खुर्चीवर. मांडीवर तो कोट. एक बटण सैल झालं होतं तेवढं घट्ट करून द्या, असं सुनेनं सांगितलेलं. सुई, दोरा, छोटी कात्री, सगळं हाताशी.

सून म्हणत होती, "हा शब्द आधी विशेषण नव्हताच, मुलांनो. ते एका मालाचं नाव होतं. जुन्या लोकरी चिंध्या फाडून पुन्हा कातलेल्या सुताचं. शब्द नेमका कशावरून आला हे छातीठोकपणे कोणी सांगत नाही. काहीजण म्हणतात, लोकर पिंजताना जी खाली झडते, गळते, त्या झडण्यावरून, म्हणजे इंग्रजी 'शेड'वरून. पुढे लबाड व्यापाऱ्यांनी हीच लोकर नवी म्हणून खपवली. एका लढाईत सैनिकांना असल्या कापडाचे कोट दिले, घाईत, कसेबसे बनवलेले. पावसात ते अंगावरच विरले. तेव्हापासून जे जे तकलादू, त्याला लोक शॉडी म्हणायला लागले."

मावशी ऐकत होती. ऐकता ऐकता तिच्यासमोरून सगळी गिरणी गेली. ती अंधारी शेड, पाठीमागची ऊब, काळीच्या थट्टा, तांबडीचे खोकले. लबाडी केली कोणी आणि नाव बद्दू झालं कोणाचं, हे तिला अगदी पटत होतं. मान डोलत होती. तोंड म्हणत होतं, "बरोबर, बरोबर."

आणि हात? हात आपलं काम करत होते.

"अहो आई!"

सुनेचा आवाज असा होता की मावशीनं आधी मागे वळून बघितलं, कोण पडलं म्हणून. मग खाली बघितलं. मांडीवर कोट नव्हता. मांडीवर बाह्या होत्या. पाठ वेगळी, पुढच्या दोन्ही बाजू वेगळ्या, अस्तर पायाशी, कॉलर गुडघ्यावर. बटणं एकही नाही. गिरणीत डाव्या हाताला डबा असतो. घरी डाव्या हाताला खिडकी होती.

जित्याची खोड म्हणतात ती ही. दुसऱ्या कोणत्याही सासूनं रागाच्या भरातसुद्धा असला कोट असा स्वच्छ उसवला नसता. शिवणीबाहेर कात्रीचा एक चाव नव्हता.

खाली जाऊन सुनेनं अंगणातून बटणं वेचून आणली. एक गटारात गेलं होतं, ते काही सापडलं नाही. वर येऊन म्हणाली, "असू दे." आणि शेगडी पेटवायला गेली. शेगडीपाशी तिची पाठ मावशीला दिसत होती. खांदे हलत होते. मावशीला वाटलं, आपण इतकी वर्षं दुनियेचे कोट फाडले, तेव्हा कधी वाटलं नाही की प्रत्येकाच्या मागे अशी एक पाठ असेल.

सकाळी तिने तुकडे पिशवीत भरले. सून म्हणाली, "राहू द्या, मी स्वेटर घालून जाते. धडा दुपारी आहे." मावशी म्हणाली, "धडा दुपारी आहे ना? मग मला दुपारपर्यंत वेळ आहे," आणि निघाली.

गिरणीच्या दाराशी तांबडी उन्हाला बसली होती. काम सुटून तिला जमाना लोटला होता, तरी रोज येऊन भिंतीला टेकायची. घरी करमत नाही म्हणे. मावशीनं पिशवी तिच्यापुढे ओतली आणि रडायलाच लागली. भोवती बायका जमल्या.

"अगं बाई! हा तर पारवा," निळी म्हणाली. "फाडलाय मात्र झकास."

"हिच्या सुनेचा आहे, मेले!" काळीनं तिला कोपर मारलं. "तिच्या आईची आठवण."

"शिंप्याकडे टाका."

"शिंपी म्हणतो चार दिवस. मला दुपारी पाहिजे."

शिवता कोणाला येत होतं? एवढ्या बायका, जन्म गेला कपड्यांत, पण सुईशी गाठ फक्त मोजे रफू करण्यापुरती. फाडायला सांगा, मिटल्या डोळ्यांनी फाडतील.

तांबडीनं काठी जमिनीवर आपटली. "रडतेस काय गं करडे? कोट उघडताना आधी काय काढतेस?"

"बटणं."

"मग?"

"अस्तर. मग कॉलर. मग बाह्या. मग खांदे. शेवटी बगलेखालच्या कुशी."

"आता उलटं म्हण."

मावशी डोळे पुसता पुसता म्हणाली, "कुशी. खांदे. बाह्या. कॉलर. अस्तर. बटणं."

"झालं की! शिंप्यानं शेवटी केलं ते आपण आधी उसवतो. त्याचा रस्ता तुला पाठ आहे, फक्त उलटा चालत आलीयेस. वळ आणि परत जा."

आणि खरंच, एकदा वळल्यावर रस्ता ओळखीचा निघाला. कापडात शिंप्याच्या सुईची जुनी भोकं होती, मुंग्यांच्या वाटेसारखी. बायका त्याच भोकांत सुई घालत गेल्या. काळीनं एक कूस धरली, निळीनं दुसरी. "इकडे ओढू नकोस गं!" "मी कुठे ओढतेय, तूच तुझ्या नवऱ्याला ओढतेस तशी ओढतेस!" मावशीनं खांदे घेतले. तांबडीला आता बारीक टाके दिसत नव्हते, ती नुसती बोटांनी चाचपून सांगायची, "इथे टाका लांब पडलाय. उसव." उसवायला सगळ्या एका पायावर तयार.

मुकादम आला तो कमरेवर हात ठेवून. "हे काय चाललंय? दातवाली उपाशी आहे!"

"तिला म्हणावं, आज उपास धर," काळी म्हणाली.

त्याला सगळं सांगितलं. त्याने डोक्यावरची टोपी मागे सारली. "जन्मभर फाडलंत, आणि आता शिवताय? उद्या दातवाली सुद्धा विणकाम करेल." मग तोच मावशीच्या पाटावर जाऊन बसला, ढीग अडू नये म्हणून. पहिल्याच कोटाला त्याने आपलं बोट कापून घेतलं. बायकांनी त्याला चिंधी बांधून पुन्हा बसवलं.

बाही लावताना मावशीला ते दिसलं. अस्तराच्या आत, जिथे कधी ऊन लागलं नव्हतं, तिथे पारव्या रंगात बारीक बारीक केस होते. एक निळा, एक विटकरी, एक हिरवट. तिने एक धागा ओढून पीळ उलटा सोडला. आखूड आखूड तंतू तिच्या तळहातावर गळले. नवी लोकर लांब असते, अशी तुटत नाही. तिने ते तंतू तांबडीच्या बोटांत दिले.

तांबडीनं चोळून बघितले. चेहऱ्यावर हसू पसरलं. "आपल्यातलाच आहे की गं हा."

आपल्याच गिरणीतला म्हणून छातीवर हात ठेवून कोण सांगणार? अशा गिरण्या जगात पुष्कळ. पण मावशीचे हात त्यानंतर जरा हळू चालायला लागले. कोणाच्या तरी ढिगातून, कोणाच्या तरी पात्यावरून हा एकदा गेलेला होता. कोणीतरी दारात कुडकुडत त्याचा पारवा राखेपासून वेगळा केला होता. आणि मग इतकी वर्षं तो एका बाईच्या अंगाला ऊब देत राहिला, त्या बाईनं पोरगी वाढवली, ती पोरगी आपल्या घरी आली. मावशी मनातल्या मनात त्या न पाहिलेल्या हातांना म्हणाली, बायांनो, फार उपकार झाले.

बटणांची वेळ आली तेव्हा एक कमी. काळीनं डबा आणला, पालथा केला. सगळ्यांनी मिळून शोधलं. तसं बटण काही मिळालं नाही. शेवटी तांबडीनं एक लाल निवडलं, तिच्याच जुन्या ढिगातलं असणार. "सगळ्यात खाली लावा. तिथे कोण बघतंय?"

मावशी शाळेच्या फाटकाशी पोहोचली तेव्हा मधली सुट्टी संपत आली होती. सून स्वेटर घालून उभी होती, ओठ पाठांतरानं हलत होते. मावशीनं कोट पुढे केला. सुनेनं तो घेतला, आतून बघितला, बाहेरून बघितला. टाके कुठे वाकडे, कुठे दाट.

"कोणी शिवला?"

"गिरणीतल्या सगळ्यांनी. आणि हे बघ पोरी, आणखी एक आहे. रागवायचं असेल तर दोन्हीबद्दल एकदम रागव." मावशीनं अस्तराची सुटी कड उचलून दाखवली. "हे कापड शॉडीचं आहे."

सुनेनं वाकून ते रंगीत केस बघितले. मग ती हसली. कालपासून पहिल्यांदा. हसता हसता डोळे भरले. "माझी आई जन्मभर सांगत आली, अस्सल लोकर!"

"अस्सलच आहे की. फक्त दुसऱ्यांदा."

सुनेनं कोट घातला. डावी बाही जरा मागे बसली होती, त्यामुळे तो हात सारखा काहीतरी विचारायला वर केल्यासारखा दिसे. घंटा झाली. शिपायानं मावशीला वर्गाबाहेरच्या बाकावर बसू दिलं. खिडकी उघडी होती.

आतून आवाज आला. "साप! शिडी! चाक! दोन ढेरपोट्या बहिणी! गलोल!" पोरं आढ्याला भिडतील अशी ओरडत होती. मग अर्थ झाला, लबाड व्यापारी झाले, पावसात विरलेले सैनिकांचे कोट झाले. मग बाकं सरकल्याचा आवाज झाला. मावशीनं मान उंच करून बघितलं. सुनेनं कोट काढून उलटा केला होता, अस्तर वर उचललं होतं, आणि मुलं पुढे येऊन निळे, विटकरी, हिरवे केस मोजत होती. अस्तराची ती कड सकाळी शिवायची राहून गेली होती, ते बरंच झालं.

"म्हणजे बाई, तुमचा कोट शॉडी?" एका मुलीनं विचारलं.

"कापड शॉडी. कोट कसा आहे ते तुम्ही सांगा. माझ्या आईनं घातला, आता मी घालते. काल हा पूर्ण उसवला गेला. आज सकाळी पुन्हा शिवला."

"पण खालचं बटण वेगळंच आहे."

"ते माझ्या सासूबाईंच्या मैत्रिणींनी दिलंय," सून म्हणाली, आणि खिडकीकडे बघितलं. वर्गानंही बघितलं. मावशी पटकन बाकावर खाली सरकली, पण मोठं डोकं कुठे लपवणार?

मोठ्या बाई शेवटी बाहेर आल्या. सुनेला म्हणाल्या, "सोमवारपासून या. शिकवता छान." मग चष्म्यावरून एकदा बाहीकडे बघितलं. "शिंपी मात्र बदला."

सुनेनं शिंपी बदलला नाही. बाही तशीच राहिली. लाल बटणही तसंच राहिलं; बाजारात पारवं मिळतं हे मावशीनं दोनदा सुचवून बघितलं, पण सुनेनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पहिल्या थंडीत ती गिरणीच्या दाराशी गेली, तांबडीपाशी खाली बसली, आणि काय बोलल्या त्या दोघी ते मावशीला कोणी सांगितलं नाही. एवढं खरं की त्या दिवसापासून तांबडीच्या गुडघ्यांवर सुनेचा जाड मफलर असतो.

मावशीच्या मनात मात्र एक बोच होती. त्या संध्याकाळनंतर सुनेनं तिला शिवायला काही दिलं नव्हतं. साधा टॉवेलसुद्धा नाही. मावशीनं मागितलं नाही. दुधानं तोंड पोळल्यावर माणूस ताकही फुंकून पितो, यात त्या पोरीचं काय चुकलं?

मग एका रविवारी मावशी खिडकीशी बसली होती. सून आली आणि तो कोट तिच्या मांडीवर ठेवला. वर सुई, दोरा आणि तीच छोटी कात्री.

"अहो आई, लाल बटण सैल झालंय. जरा घट्ट करून द्या."

मावशीनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"कात्री घेऊन जा बाई. आणि ती खिडकी लाव."

सुनेनं खिडकी लावली. कात्री मात्र तिथेच ठेवली, आणि उत्तरपत्रिका तपासायला शेजारीच बसली, मावशीच्या त्या डाव्या हाताला, जिकडे बटणं उडाली होती.